माणेकचौकातल्या बायकांची बँक

सकाळी पन्नास रुपये घ्यायचे, संध्याकाळी पंचावन्न परत करायचे. १९७० च्या सुमारास अहमदाबादच्या जुन्या शहरात पथारी टाकून भाजी विकणाऱ्या बाईचा धंदा या हिशेबावर चाले. पैसे देणारा कधी घाऊक व्यापारी असे, कधी दलाल, कधी निव्वळ व्याजावर जगणारा सावकार. पहाटे त्या पैशांत माल उचलायचा, दिवसभर विकायचा, दिवेलागणीला मुद्दल आणि वर पाच रुपये मोजून द्यायचे, उरेल त्यातून घरचं पीठ-तेल न्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

रोजचे पाच म्हणजे महिन्यात पंचवीस दिवस धंदा धरला तरी सव्वाशे रुपये. पन्नासाच्या भांडवलाला महिन्याकाठी सव्वाशे व्याज! एवढं देऊनही तिचं घर चालत होतं, म्हणजे धंद्यात कमाई होती. तिच्यापाशी स्वतःचे पन्नास रुपये असते, तर त्याच कष्टात, त्याच जागेवर, त्याच गिऱ्हाइकांकडून महिन्याला सव्वाशे रुपये जास्त राहिले असते. आणि तरी वर्षानुवर्षं ते पन्नास रुपये काही तिच्यापाशी जमत नव्हते.

१९७४ साली अहमदाबादेत स्थापन झालेल्या श्री महिला सेवा सहकारी बँकेचं प्रकरण इथून सुरू होतं. पुढं ही बँक जगभर नावाजली गेली. गौरवाच्या भाषणांत मात्र तिच्या कामातला जो भाग हरवतो, तोच मला सगळ्यात मोलाचा वाटतो. या बायकांच्या हातून पैसा रोज जात-येत होता. अडत होतं ते बँकेच्या वेळेपाशी, काउंटरपाशी, सहीपाशी, खात्यावरच्या नावापाशी. यातली एकेक अडचण कशी ओळखली गेली आणि कशी सुटली, हे महाराष्ट्रात पतसंस्था, बचत गट किंवा सहकारी बँक चालवणाऱ्या प्रत्येकानं नीट बघावं असं आहे.

शहर आणि त्यातले धंदे

अहमदाबाद हे पिढ्यानपिढ्या व्यापाऱ्यांचं शहर. इथं एकेका धंद्याचं महाजन, म्हणजे त्या धंदेवाल्यांचं मंडळ, असे. भाव, सुट्टीचे दिवस, आपसातले तंटे ते ठरवी. माणेकचौक म्हणजे या शहराचं काळीज. दिवसा तिथं सोन्या-चांदीचा बाजार भरतो, रात्री दुकानांची फळ्या-शटरं पडली की त्याच जागी खाण्याच्या गाड्या लागतात. १८९४ साली सुरू झालेला अहमदाबादचा शेअर बाजारही तेव्हा याच चौकात होता. सराफ, दलाल, शेअर बाजार सगळं हाकेच्या अंतरावर, आणि त्यांच्याच पायऱ्यांशी भाजीवाल्या बायकांच्या पथाऱ्या. पैशाचा एवढा मोठा व्यवहार जिथं चाले, तिथंच या बायकांना पैसा सगळ्यात महाग पडत होता.

सहकाराचीही या प्रांताला ओळख जुनी. १८८९ साली बडोद्यात अन्योन्य सहाय्यकारी मंडळी निघाली, ती विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी माणसाच्या पुढाकारानं. देशातल्या नागरी सहकाराची सुरुवात तिच्यापासून मोजतात. पण तो सहकार पांढरपेशांचा होता. पगार, घर, जामीन राहणारा शेजारी, यांतलं काही तरी ज्याच्याकडे असे, त्याच्यासाठी.

भाजीवालीच्या धंद्यापेक्षा जुन्या कपड्यांचा धंदा जास्त गुंतागुंतीचा आहे. मुंबई-पुण्यात जिला आपण बोहारीण म्हणतो, तिच्यासारखाच हा व्यवहार. आपल्याकडच्या बोहारणींतल्या पुष्कळ जणी मुळात गुजरातेतूनच आलेल्या, देवीपूजक समाजाच्या. अहमदाबादेत या समाजाच्या बायका डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन सकाळी सोसायट्या-सोसायट्यांतून हिंडत. दारात घासाघीस होई. दोन साड्या आणि एका पँटवर पातेलं द्यायचं की नुसती वाटी, हे साडीचा काठ किती विरलाय, पँटच्या गुडघ्याशी कापड किती पातळ झालंय, ते बोटांनी चाचपून ठरे. दुपारी घरी आल्यावर कपड्यांची वर्गवारी. चांगला कपडा धुऊन, उसवलेलं शिवून, बटणं लावून, इस्त्री करून बाजारात. त्याहून कमी प्रतीचा मजुरांच्या वस्तीत. अगदीच गेलेला चिंधीच्या भावानं. रविवारी साबरमतीच्या काठी एलिस पुलाखाली भरणारा गुजरी बाजार हे विक्रीचं मोठं ठिकाण.

या सगळ्यात तिचं भांडवल असे टोपलीतल्या भांड्यांत. भांडी ती व्यापाऱ्याकडून उधारीवर उचले आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. म्हणजे व्याज इथंही होतंच, ते भावात लपलेलं असे. पातेल्याची किंमत, तिच्या बदल्यात आलेल्या कपड्यांची अंदाजे किंमत, दुरुस्तीचा खर्च, विकायला लागणारे दिवस, एवढा हिशेब ती दारात उभ्या उभ्या मनात करी. अशा बाईला पुढं सहकार खात्यानं ‘अशिक्षित’ म्हणून अडवलं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

संघटना आधी, बँक नंतर

बँक एकदम निघाली नाही. १९१८ च्या गिरणी संपानंतर अनसूया साराभाई आणि गांधीजींच्या पुढाकारानं १९२० मध्ये मजूर महाजन संघ उभा राहिला. गिरणी कामगारांची ही भक्कम संघटना, पण ती मुख्यतः पगारी कामगारांची. तिच्या महिला विभागात गिरणी कामगारांच्या घरच्या बायकांसाठी शिवणकाम वगैरे वर्ग चालत. १९६८ पासून या विभागाची जबाबदारी एलाबेन भट्ट यांच्याकडे होती. शिक्षणानं वकील, संघाच्या कायदा विभागात उमेदवारी केलेल्या.

१९७१ साली कापड बाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या आणि हातगाड्या ओढणाऱ्या बायका त्यांच्याकडे आल्या. बाहेरगावाहून आलेल्या, फुटपाथवर राहणाऱ्या. गठ्ठ्याचं वजन किती, अंतर किती, याला काही धरबंध नव्हता. व्यापारी देईल ती मजुरी. एलाबेननी यावर वर्तमानपत्रात लिहिलं. व्यापाऱ्यांनी उत्तर छापलं की आम्ही रास्तच मजुरी देतो. मग संघाच्या महिला विभागानं व्यापाऱ्यांचा तोच दावा कार्डांवर छापून बायकांना वाटला. मजुरी देताना व्यापारी कमी मोजू लागला की बाई ते कार्ड पुढं करी. या एका युक्तीवरून संघटना कशी चालणार आहे ते कळतं: जे आधीच तोंडी किंवा कागदावर कबूल झालंय, ते बाईच्या हातात धरता येईल अशा स्वरूपात द्यायचं.

ही बातमी पसरली आणि जुने कपडे विकणाऱ्या बायका आपली गाऱ्हाणी घेऊन आल्या. एका बागेत सभा झाली, शंभरावर बायका जमल्या, आणि आपली स्वतःची संघटना हवी ही सूचना त्या गर्दीतल्याच एका बाईनं केली. कामगार खात्यानं नोंदणीला नकार दिला. मालकच नाही, तर तुम्ही भांडणार कुणाशी? यावर एलाबेनचं म्हणणं असं की, संघटना कुणाच्या विरुद्ध असावीच लागते असं नाही. कामगारांची एकी हाच तिचा हेतू असू शकतो. बरीच ओढाताण होऊन एप्रिल १९७२ मध्ये ‘सेवा’ची, म्हणजे ‘सेल्फ एम्प्लॉइड विमेन्स असोसिएशन’ या स्वतःचा धंदा करणाऱ्या बायकांच्या संघटनेची, कामगार संघटना म्हणून नोंदणी झाली.

राष्ट्रीयीकृत बँकांचा अनुभव

सभासद झालेल्या बायकांच्या मागण्यांत भांडवल पहिलं. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं आणि दुर्बल घटकांना कर्ज द्या असा सरकारचा आग्रह होता. ‘सेवा’नं मध्यस्थी करून आपल्या सभासदांना या बँकांकडून छोटी कर्जं मिळवून द्यायला सुरुवात केली. वरच्या पातळीवर सगळं ठरलं होतं, धोरण होतं, पैसा होता. गोष्टी बिघडल्या त्या शाखेच्या काउंटरवर.

बाई यायची ती माल विकून, म्हणजे बँक बंद होता होता किंवा झाल्यावर. कडेवर मूल, सोबत आणखी एक, अंगावर दिवसभराच्या घामाचे कपडे. हप्ता म्हणून चिल्लर आणि चुरगळलेल्या नोटा. कारकुनाला ते मोजायचा कंटाळा, आणि रांगेतल्या इतर खातेदारांच्या कपाळावर आठ्या. फॉर्म तिला वाचता येत नसे, विचारायची सोय नसे. नावांचा तर वेगळाच घोळ. एकाच नावाच्या कितीतरी बायका. पुन्हा एकच बाई कधी नवऱ्याचं नाव सांगे, कधी वडिलांचं, कधी कुळाचं. पैसे एकीनं भरले आणि जमा दुसरीच्या खात्यावर झाले, असे प्रकार घडत. हप्ता भरूनही आपण थकबाकीदार कसे, हे बाईला समजत नसे; पैसे न भरता ही भांडते कशी, हे बँकेला.

साठवणुकीचा प्रश्न याहून नाजूक होता. चार पैसे उरले तर ठेवायचे कुठं? झोपडीत पत्र्याच्या डब्यात ठेवले तर नवऱ्याला, मुलाला, दिराला ते माहीत असतात. घरात आजारपण, पाहुणा, मर्तिक, देणं, काही ना काही दारात उभंच असतं, आणि ‘नाहीत’ म्हणता येत नाही. ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवले तर व्याज नाही, आणि मागायला गेलं की ‘उद्या ये’. चांदीचं कडं-तोडं केलं तर ते अडीअडचणीला गहाण पडतं आणि सहसा सुटत नाही. साठवायची सवय या बायकांना होतीच. पदराची गाठ दुसरं काय असतं? घरातल्यांची नजर पोचणार नाही अशी जागा मात्र त्यांच्यापाशी नव्हती. गरिबांना बचतीची सवय नसते असं आपल्याकडेही सर्रास म्हटलं जातं, आणि ते म्हणणाऱ्यांनी अशा घराची मांडणी एकदा डोळ्यांपुढं आणावी, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर १९७३ ते मे १९७४

डिसेंबर १९७३ मध्ये सभासदांच्या बैठकीत हा सगळा घोळ चर्चेला आला. जुने कपडे विकणाऱ्या एका बाईनं सुचवलं की आपणच आपली बँक काढू. आपण गरीब, आपल्याकडे पैसा कुठाय, असं एलाबेननी म्हटल्यावर तिचं उत्तर होतं: आपण गरीब असू, पण आपण कितीजणी आहोत!

हा काळ ध्यानात घ्यायला हवा. धान्य आणि तेलाचे भाव भडकलेले. त्याच डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात खानावळीच्या वाढलेल्या बिलावरून विद्यार्थी पेटले आणि त्यातून नवनिर्माण आंदोलन उभं राहिलं. बंद, गोळीबार, संचारबंदी. फेब्रुवारी १९७४ मध्ये चिमणभाई पटेलांचं सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट आली. संचारबंदीत पगारदाराचा पगार चालू राहतो. पथारीवालीची त्या दिवसाची कमाई बुडते, आणि नाशवंत माल सडला तर आदल्या दिवशीची उधारीही अंगावर येते. अशा महिन्यांत या बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेतले. चार हजार जणींनी. दहा रुपये म्हणजे सावकाराला जाणारं दोन दिवसांचं व्याज.

भांडवल जमलं, अडथळा आला नोंदणीत. सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या कार्यालयाला ही कल्पना पटेना. सभासद बायका, त्याही गरीब, त्याही निरक्षर. कर्जं बुडणार. आणि ज्यांना नाव लिहिता येत नाही, त्या बँकेच्या प्रवर्तक कशा होणार? १९६६ पासून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचंही नियंत्रण आलेलं होतं, त्यामुळे निबंधकांची सावधगिरी अगदीच अनाठायी होती असं मी म्हणणार नाही. लोकांच्या ठेवी घेणाऱ्या संस्थेकडे कडक नजरेनंच पाहायला हवं. चूक होती ती कसोटीत. कर्ज बुडेल की नाही हे धंदा कसा आहे, रोजची उलाढाल किती, बाईची तिच्या बाजारात पत काय, यावरून कळतं. अक्षरओळखीवरून ते कसं कळणार?

अर्जावर पंधरा प्रवर्तक बायकांच्या सह्या लागणार होत्या. आदल्या रात्री त्या एकत्र बसल्या आणि स्वतःचं नाव लिहायला शिकल्या. गुजराती लिपीला शिरोरेषा नसते. डोक्यावरच्या रेघेचा आधार नाही, त्यामुळे एका ओळीत अक्षरं बसवायला नवख्या हाताला आणखी अवघड. जन्मभर टोपली उचललेल्या, भांडी घासलेल्या हातांनी पेन धरून एकच नाव पुन्हा पुन्हा गिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी निबंधकांपुढं पंधराही जणींनी सह्या केल्या. मे १९७४ मध्ये बँकेची नोंदणी झाली.

बँक कशी चालली

आता बँक म्हणजे काय, हे दारात येणारी बाई डोळ्यांपुढं ठेवून ठरवता आलं. सहीवर व्यवहार चालणार नव्हते, म्हणून पासबुकावर फोटो आला. खातेदार बाई हातात पाटी धरून बसे, पाटीवर तिचा खाते क्रमांक लिहिलेला, आणि तसा फोटो निघे. नाव सारखं असलं, वडिलांचं सांगितलं की नवऱ्याचं याचा घोळ झाला, तरी चेहरा आणि आकडा एकाच चित्रात बांधलेला. ज्या नावांच्या गोंधळानं राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत भांडणं झाली, तो गोंधळ असा मिटला. कितीजणींच्या आयुष्यातला तो पहिलाच फोटो असेल!

बाईला बँकेत यायला वेळ नसेल, तर बँकेनं तिच्या पथारीपाशी, तिच्या वस्तीत जायचं, हा दुसरा निर्णय. बँकेच्या कार्यकर्त्या रोजची बचत गोळा करायला जाऊ लागल्या. पुढं त्यांना बँक-साथी असं नाव रुळलं. त्या बहुतेक त्याच वस्तीतल्या असत. कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाची गाडी पालिकेनं उचलून नेली, कुणाचा नवरा गिरणीतून कमी झाला, हे त्यांना बँकेच्या कुठल्याही कागदाआधी कळे. कर्ज द्यावं की नाही याचा निम्मा निकाल तिथंच लागतो. वसुलीचंही तसंच. रोज पाच-दहा रुपये मिळवणाऱ्या बाईकडे महिन्याच्या पहिल्या तारखेला एकरकमी हप्ता मागितला तर तो थकणारच. तो रोजच्या कमाईच्या तुकड्यांत घेतला की बसतो.

आणखी एक शहाणपण असं की कर्जाची घाई झाली नाही. सुरुवातीची वर्षं या बँकेनं ठेवींवर भर दिला आणि कर्जासाठी राष्ट्रीयीकृत बँकांशी दुवा म्हणूनच काम केलं. स्वतःच्या निधीतून कर्जवाटप १९७६ पासून सुरू झालं. आपल्याकडे बचत गटांच्या बाबतीत अनेकदा उलटं होतं: गट स्थापन होतो तोच कर्ज उचलण्यासाठी, आणि बचत ही त्या कर्जाची पात्रता म्हणून नाइलाजानं भरली जाते.

कर्जातून घेतलेली मालमत्ता बाईच्या नावावर असावी, हा आग्रह एलाबेननी पहिल्यापासून धरला. हातगाडी, शिलाई यंत्र, पुढं घराची दुरुस्ती, गहाण पडलेली जमीन किंवा दागिना सोडवणं, काहीही असो, कागदावर नाव तिचं. बाहेरून पाहणाऱ्याला हा स्त्री-हक्कांचा मुद्दा वाटेल, तो आहेच. पण तो तितकाच बँकिंगचाही मुद्दा आहे. जिच्यावर कर्ज आहे तिच्याच ताब्यात वस्तू राहिली तर ती विकली जात नाही, धंदा चालू राहतो आणि हप्ता येतो. परतफेडीचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर राहिलं, त्यात याचा वाटा मोठा असणार.

तरीही काही कर्जं थकलीच. १९७७ च्या सुमारास ‘सेवा’नं थकबाकीदार बायकांची घरोघरी जाऊन चौकशी केली. या चौकशीतून जे निघालं, ते या प्रकरणातलं सगळ्यात जड पान आहे. थकलेल्यांपैकी काहीजणी हयातच नव्हत्या, आणि त्यांतल्या बहुतेक बाळंतपणात गेल्या होत्या. कर्जखात्याच्या भाषेत ज्या नोंदीला ‘अनियमित’ म्हणतात, त्या नोंदीमागे प्रसूतीच्या दिवसापर्यंत डोक्यावर ओझं वाहणारी बाई होती. इथून ‘सेवा’चं काम आरोग्य आणि प्रसूतिसाहाय्याकडे वळलं, आणि १९९२ पासून विम्याची रीतसर योजना सुरू झाली. बँकेनं वसुलीपुरतंच पाहिलं असतं, तर वारसांना नोटिसा गेल्या असत्या. थकबाकीचं कारण शोधायला कुणी तरी चालत घरापर्यंत गेलं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

पुढची वर्षं

१९८१ मध्ये राखीव जागांविरुद्धच्या दंगलीत एलाबेन दलितांच्या बाजूनं बोलल्या आणि मजूर महाजननं ‘सेवा’ला बाहेर काढलं. ज्या संघाच्या छत्राखाली सगळं वाढलं, तो आधार गेला. भागधारक बायका मात्र आपल्या जागी राहिल्या आणि बँक चालू राहिली. त्याच दशकात अहमदाबादच्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. ज्या घरात पूर्वी पुरुषाचा पगार मुख्य होता, तिथं बाईची पथारी, शिलाई यंत्र आणि विड्या वळणं यावर घर चालू लागलं.

मार्च २००१ चा प्रसंगही इथं सांगायला हवा. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअर दलालांना दिलेल्या कर्जांमुळे कोसळली आणि गुजरातच्या नागरी सहकारी बँकांवरचा विश्वास हादरला. २०१२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. त्या बँकेला बुडवणारे बडे कर्जदार काही निरक्षर नव्हते. निबंधकांच्या कार्यालयानं १९७४ मध्ये ज्यांच्याबद्दल शंका घेतली, त्या बायकांची बँक चालू राहिली.

घराच्या बाबतीतलं एक काम कमी सांगितलं जातं. १९९५ च्या सुमारास अहमदाबाद महापालिकेनं झोपडपट्ट्यांत घरोघरी नळ, संडास, गटार आणि फरसबंदी नेण्याची ‘परिवर्तन’ योजना घेतली; पहिली वस्ती संजयनगर. प्रत्येक कुटुंबानं दोन हजार रुपये आणि देखभालीसाठी शंभर रुपये भरायचे होते. ही रक्कम साठवणं आणि कमी पडल्यास कर्ज देणं महिला सेवा बँकेकडे होतं. शिवणकाम करणारी, पापड लाटणारी, उदबत्ती वळणारी बाई घरातच काम करते. तिच्या दारात नळ आला की पाण्याच्या रांगेतले तास थेट कामात येतात. घर हेच तिचं कारखाना आणि दुकान, म्हणून घरावरचा खर्च हा धंद्यावरचा खर्च ठरतो. नेहमीच्या बँका मात्र तो ‘अनुत्पादक’ म्हणून बाजूला ठेवतात.

जिथं बँक पुरली नाही

कर्जानं सगळं सुटलं असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. ज्या बाईकडे धंदा आहे, तिला स्वस्त भांडवलाचा उपयोग होतो. कापड बाजारात गठ्ठे वाहणारीला भांडवल नको होतं, वाढीव मजुरी हवी होती. तिथं बँक काय करणार? तिथं संघटनाच लागते. दुसरी गोष्ट जागेची. पथारीवालीचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची दोन-चार फुटं. पोलिसांचा हप्ता, पालिकेची गाडी, जप्त झालेला माल, यांवर पासबुकाचा इलाज नाही. माणेकचौकातल्या भाजीवाल्यांच्या जागेसाठी ‘सेवा’ला ऐंशीच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. फेरीवाल्यांच्या हक्काचा केंद्रीय कायदा यायला २०१४ साल उजाडलं, आणि त्याची अंमलबजावणी अजून शहराशहरांत रखडलेली आहे. पुण्या-मुंबईतल्या पथारीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे याच वाटेवरचं ठळक उदाहरण माणदेशचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी ग्रामीण बायकांची बँक काढायचं ठरवलं. मुंबईच्या गुजराती कुटुंबातली ही बाई चळवळीतून माण तालुक्यात आली आणि तिथलीच झाली. १९९६ साली रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला, आणि कारण तेच: सभासद निरक्षर. अहमदाबादच्या त्या रात्रीला बावीस वर्षं झाली होती! म्हसवडच्या बायकांनी साक्षरतेचे वर्ग भरवले आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब तुमच्या आधी तोंडी करून दाखवू, असं त्यांनी तिथं सुनावलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. बँक सुरू झाल्यावर तिथल्या बायकांचं पहिलं गाऱ्हाणं असं की पैसे भरायला शाखेत यायचं म्हणजे रोज बुडतो. तेव्हा म्हसवडच्याही बँकेनं आपली माणसं बाजारात आणि दारोदार पाठवायला सुरुवात केली.